दरवर्षी पावसाळ्यात सरकारी दवाखाने फुल्ल होतात हे माहिती असून आधी तयारी काहून नसते? (नागपूर)

तर्री_पोहा_मानेवाडा

नमस्कार मंडळी. सासऱ्यांना ताप आला, अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागे दुखायचं, गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त तपासून डेंग्यू सांगितला आणि प्लेटलेट खाली चालल्या म्हणून भरती करा म्हणाले. प्रायव्हेटला ॲडव्हान्स ऐकूनच आम्ही परतलो आणि एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही कारण स्टाफची काही तक्रार नाही, कॅज्युअल्टीतल्या पोरांनी नीट पाहिलं. पण वॉर्डात गेलो तर खाट नाही, दोन खाटांच्या मधात गादी टाकून दिली. बाजूला एक बालाघाटचा माणूस, एक सिवनीचा, एक बाई पवनीची, नागपूरचे म्हणावे तर आम्हीच.

सासरे आता बरे आहेत, घरी आहेत, खिचडीला नावं ठेवून राहिले म्हणजे बरेच आहेत. पण तिथे रात्रभर बसून एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. मे महिन्यात ऊन, जुलैत साप आणि जुलाब, ऑगस्ट ते ऑक्टोबर डेंग्यू चिकनगुनिया, थंडीत दमा न्यूमोनिया, हे तर कालनिर्णयवर छापून द्यावं इतकं फिक्स आहे. मग ऑगस्ट लागल्यावर सगळ्यांना अचानक झटका लागल्यासारखं का होतं? कोणी आधी बसून हिशोब करतं की नाही, आणि करत असेल तर तो कुठे फसतो? राग नाही, राजकारण नको, आतल्या लोकांनी सांगितलं तर बरं होईल.

रात्रपाळी_एमडी

मेडिसिनची रेसिडेन्सी नागपुरातच केली, आता प्रायव्हेटला आहे म्हणून जरा मोकळं लिहितो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

प्लॅन नसतोच असं नाही. उन्हाळ्याचा तर लेखी आहे. अहमदाबादने २०१३ ला हीट ॲक्शन प्लॅन केला, आपल्याकडे तो २०१६ पासून. एप्रिल आला की दवाखान्यात कोल्ड वॉर्ड वेगळा काढतात, कूलर लावतात, ओआरएस-सलाईनचा साठा बघतात, बागा दुपारी उघड्या ठेवायच्या, दुपारी काही चौकांतले सिग्नल बंद ठेवायचे, ते हिरव्या जाळीचे मांडव सुद्धा त्याच विचारातले (त्या मांडवाखाली फक्त स्कूटीवाले उभे राहतात आणि मागून बस हॉर्न मारते हा भाग वेगळा). आणि हा प्लॅन बऱ्यापैकी चालतो, कारण उष्माघाताच्या पेशंटला हवं असतं ते एकच, लवकर थंड करणं. अंग ४० डिग्रीच्या वर तापलेलं, माणूस बरळतोय, अशा वेळी ओली चादर, पंखा, काखेत जांघेत बर्फ हे पहिल्या अर्ध्या तासात जमलं तर खूप जण वाचतात आणि त्यातले बरेच दोनतीन दिवसांत घरी जातात. म्हणजे बेड फिरत राहतो.

डेंग्यूत बेड फिरत नाही. ताप उतरला की घरचे म्हणतात बरं झालं, आणि नेमका तेव्हाच धोका सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मधात. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर पाझरतं, रक्त घट्ट होतं, बीपी पडतं. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, दिवसातून दोनदा, कधी तीनदा, सलाईन मोजून, लघवी मोजून. पेशंट उठून चहा प्यायला खाली जातो पण डॉक्टर त्याला सोडू शकत नाही. असे ऐंशी-शंभर एकदम आले की वॉर्ड तिथेच बंद पडतो.

आता माझ्या मते जे खरं कारण आहे ते. बाकी जिल्ह्यांत पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा, त्याच्यावर सिव्हिल म्हणजे जिल्हा रुग्णालय, आणि मग मेडिकल कॉलेज. नागपुरात मधला सिव्हिलचा मजलाच वर्षानुवर्षे गायब. मानकापूरला जिल्हा रुग्णालयाचं काम किती काळ रखडलं ते सगळ्यांना माहिती आहे. डागा रुग्णालय आहे पण ते बायका आणि लेकरांसाठी. महानगरपालिकेचे यूपीएचसी (शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र) म्हणजे मुख्यतः ओपीडी. मग ज्याला फक्त सलाईन, दोन वेळचं सीबीसी आणि लक्ष ठेवणारी एक सिस्टर एवढंच पाहिजे, तो माणूस जाणार कुठे? मेडिकल नाहीतर मेयो, नागपूरची दोन सरकारी मेडिकल कॉलेजं. ज्या बेडवर व्हेंटिलेटरवरून उतरलेला पेशंट यायला पाहिजे तिथे ९० हजार प्लेटलेटवाला बसून मोबाईल बघतोय. त्याची चूक काहीच नाही. पण लोक "बेड वाढवा" म्हणतात ना, ते बेड मेडिकलला वाढवून उपयोग अर्धाच, ते खालच्या पायरीवर पाहिजेत.

दुसरं म्हणजे मालक तीन. यूपीएचसी मनपाचे, डागा आणि ग्रामीण रुग्णालयं सार्वजनिक आरोग्य विभागाची, मेडिकल-मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाचे. १५ ऑगस्ट २०२३ पासून जे उपचार मोफत झाले ते आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणूनच लोक मेडिकलला केस पेपरचे पैसे कसे काय म्हणून खिडकीवर भांडतात. तिघांच्या मीटिंगा होतात, पण एका विभागाचा पेशंट दुसऱ्याच्या रिकाम्या बेडवर हलवायचा म्हटलं की फोनवर फोन. आणि मधात एम्स, ते केंद्राचं, २०२२ च्या डिसेंबरात मिहानला उद्घाटन झालं, चांगलं आहे पण महाल-इतवारीतून रात्री तापाचा म्हातारा घेऊन मिहानला कोण जातो.

मनुष्यबळाचं तर विचारूच नका. नीट पीजी, म्हणजे एमडी-एमएसची प्रवेश परीक्षा, लांबली की नवीन रेसिडेंट डॉक्टर लांबतात, जुनी बॅच परीक्षा देऊन निघून गेलेली, आणि ही पोकळी अनेकदा पावसाळ्यातच येते. दोन बॅच मिळून तीन बॅचचं काम.

बर्डी_ते_बुटीबोरी

सगळं खरं डॉक्टर साहेब पण लोकांची पण चूक पाहा न. साध्या सर्दीला मेडिकल, कान दुखला मेडिकल, गल्लीत मनपाचा दवाखाना आहे तिथे डॉक्टर माश्या मारत बसलेले असतात. फुकट म्हटलं की मोठ्याच ठिकाणी जायचं अशी आपली सवय आहे.

सिस्टर_बी_शिफ्ट

बर्डी भाऊ, जो माणूस रोजीवर आहे तो सकाळी कामाला जातो, संध्याकाळी परत येतो तेव्हा यूपीएचसी बंद झालेलं असतं. रात्री लेकराला झटका आला तर त्याला उघडं कोणतं दार दिसतं? तो सवयीने मोठ्या दवाखान्यात येत नाही. आणि एकदा यूपीएचसीत जाऊन "तपासणी बाहेरून करा" ऐकलं की पुढच्या वेळी तो थेट मोठ्याच ठिकाणी येणार, मीही तेच करीन.

मी स्टाफ नर्स आहे, कुठे ते सांगत नाही. बाहेरच्या लोकांना माहिती नसते अशी एक गोष्ट सांगते. गर्दीचं कॅलेंडर नुसतं आजारांचं नसतं, सणांचं आणि शेतीचं पण असतं. पेरणीच्या दिवसांत वॉर्ड त्या मानाने हलका, कोणी येतच नाही, दुखणं अंगावर काढतात. पोळा आला, महालक्ष्म्या आल्या की अर्धे पेशंट डिस्चार्ज मागतात, नाही दिला तर सही करून जातात, आणि सण झाल्यावर तेच लोक जास्त बिघडून परत. दिवाळीत वॉर्ड बऱ्यापैकी रिकामा, मग दिवाळीनंतरचा सोमवार असा येतो की विचारू नका, हर्निया मोतीबिंदू पासून सगळं पुढे ढकललेलं एकदम. सोयाबीन निघून हातात पैसे आले की गावची लोकं ऑपरेशनला येतात. सोमवारची ओपीडी तर बारा महिने जड असते. हे आम्हाला पाठ आहे पण ड्युटी लावताना हे कोणी विचारत नाही, रजा मात्र त्याच दिवसांत बंद करतात.

आणि डिसेंबर! हिवाळी अधिवेशन आलं की विधानभवन, आमदार निवास, रविभवन, नागभवन सगळीकडे डॉक्टर, सिस्टर, ॲम्ब्युलन्स द्याव्या लागतात. त्याच्या आधी दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, तिथली आरोग्य शिबिरं तर पाहिजेतच, त्यात माझी स्वतःची ड्युटी असते आणि मी आवडीने करते. पण हे लोक येतात कुठून? त्याच वॉर्डांतून. नेमकी ऑक्टोबरात डेंग्यूची शेपटी चालू असते आणि डिसेंबरात दम्याच्या म्हाताऱ्यांची रांग. एका शिफ्टला एका सिस्टरकडे चाळीस-पन्नास पेशंट आले की सलाईनचा थेंब मोजणं वगैरे पुस्तकात राहतं.

तर्री पोहा दादा, तुमच्या सासऱ्यांना मच्छरदाणी दिली होती का? डेंग्यूच्या पेशंटला दवाखान्यात मच्छरदाणी पाहिजे, नाहीतर वॉर्डातला मच्छर त्याला चावून बाजूच्याला देतो. गर्दीत सगळ्यात आधी तीच गायब होते, बांधायला दांडाच नसतो जमिनीवरच्या गादीला.

तर्री_पोहा_मानेवाडा

नाही ताई, मच्छरदाणी नव्हती, आता तुम्ही सांगितलं तेव्हा डोक्यात आलं. अधिवेशनाचं तर मला ठाऊकच नव्हतं.

एक विचारतो, ती बालाघाट सिवनी पवनीची मंडळी इतक्या लांब का येते? तिकडे पण आता मेडिकल कॉलेज झाले म्हणतात ना.

साकोलीचा_शेतकरी

मी सांगतो दादा, मी त्यातलाच. भंडाऱ्याले २०२४ मध्ये कॉलेज सुरू झालं, गडचिरोलीले पण तेव्हाच, गोंदियाले २०१६ पासून आहे, चंद्रपूरले त्याच्या एक वर्ष आधीपासून. पण कॉलेजची पाटी लागली म्हणजे मेंदूचा डॉक्टर, किडनीचा डॉक्टर, व्हेंटिलेटर चालवणारा माणूस लगेच येते काय? पोरं शिकून राहिली, डॉक्टर नागपूरहून येणं-जाणं करून राहिले. म्हणून रेफरची चिठ्ठी अजून नागपूरचीच निघते.

आमच्याकडं धानाची रोवणी चालू झाली की साप. दिवसा बांधावर घोणस, रात्री जमिनीवर झोपला की मण्यार. मण्यार चावली तं दुखत नाही, सूज नाही, माणूस पहाटे म्हणते पोट दुखून राहिलं, डोळे उघडत नाहीत. पीएचसीत सापाचं इंजेक्शन असते आता, हे चांगलं झालं, पूर्वी मांत्रिकाकडंच जायचे. डॉक्टर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून पाहते गोठते का, तिथंच इंजेक्शन चालू करते. पण मण्यारच्या पेशंटचा श्वास बंद पडला तं मशीन पाहिजे, ते पीएचसीत कुठून? मग १०८ ची ॲम्ब्युलन्स बोलवा. १०८ फुकट आहे, २०१४ पासून चांगली सेवा आहे, पण रोवणीच्या दिवसांत एक गाडी एक पेशंट घेऊन नागपूरले गेली की परत येईपर्यंत आमचा पट्टा रिकामा. शंभर-सव्वाशे किलोमीटर जाणं तेवढंच येणं, त्यात मेडिकलच्या दारात स्ट्रेचर मिळेपर्यंत गाडी अडकलेली. नागपूरवाले म्हणतात आमच्याकडं गर्दी, आमच्याकडं तं त्या वेळी गाडीच नसते.

माझं म्हणणं आहे जून ते ऑक्टोबर साकोली-लाखांदूर-अर्जुनी मोरगाव पट्ट्यात एक जास्तीची ॲम्ब्युलन्स फिक्स ठेवा, श्वासाची मशीन आणि चालवणाऱ्या माणसासकट. बाकी बारा महिने नाही मागत.

लीड्सचा_नागपुरी

धरमपेठचा, सध्या इंग्लंडमध्ये एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या हॉस्पिटलात काम करतो. इथे उलटं आहे, मरण हिवाळ्यात. फ्लू, नोरोव्हायरस, बर्फावर घसरून मोडलेली कंबरडी. प्लॅन उन्हाळ्यातच सुरू होतो, ६५ च्या वरच्यांना फ्लूची लस फुकट, किरकोळ त्रासाला १११ ला फोन लावा, ते सांगतात फार्मसीत जा की हॉस्पिटलला. इमर्जन्सीत आलेल्या ९५ टक्के लोकांचा ४ तासांत निकाल लागला पाहिजे असा नियम कागदावर आहे, तो पाळला जाऊन आता वर्षं लोटली. आणि कॉरिडॉरमध्ये पेशंट इथेही असतात, त्याला कॉरिडॉर केअर असं नाव देऊन ठेवलंय.

एकच गोष्ट शिकण्यासारखी वाटते. इथे बेड अडतो तो बऱ्याचदा बरा झालेला म्हातारा घरी पाठवता येत नाही म्हणून, घरी बघायला कोणी नसतं. आपल्याकडे नातेवाईक दोन मिनिटांत घरी न्यायला तयार. तो फायदा आपण वापरत नाही, कारण सकाळचा राऊंड, मग सीनियरची सही, मग डिस्चार्ज कार्ड, मग औषधाची खिडकी, बेड रिकामा होतो संध्याकाळी. दुपारी १२ च्या आत डिस्चार्ज झाले तर एक पैसा न लावता रोज किती बेड सुटतील बघा.

रात्रपाळी_एमडी

१२ च्या आत डिस्चार्ज हे ऐकायला छान आहे दादा. सकाळचं सीबीसी लॅबमधून यायलाच दुपार होते, त्याशिवाय डेंग्यूवाल्याला सोडणार कसं. लॅबला पहाटे ५ ला सॅम्पल गेले तर जमेल, पण पहाटे ५ ला सॅम्पल घेणारा इंटर्न रात्रभर जागा असतो. तरी मुद्दा बरोबर आहे, एक फिरती शिफ्ट फक्त सीझनपुरती लावली तर फरक पडेल.

हिवताप_विभाग_निवृत्त

मी आयुष्य मच्छर मोजण्यात घालवलं, वाईट वाटून घेऊ नका पण तुम्ही सगळे दवाखान्याच्या आतलंच बोलून राहिले.

नागपूरचा डेंग्यू कुठून येतो? कूलरमधून. चार महिने घराघरात कूलर चालतो, पाऊस पडला की बटण बंद, पण टाकीत पाणी तसंच. त्यात एडिस म्हणजे डेंग्यूचा मच्छर अंडी घालतो, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या भिंतीला चिकटवून. लोक म्हणतात आम्ही पाणी फेकलं. अंडी कोरडी पडून पण महिनोन् महिने जिवंत राहतात, पुढच्या वर्षी पाणी भरलं की फुटतात. टाकी घासल्याशिवाय फायदा नाही, आणि ती ताराची किंवा गवताची जाळी बदलल्याशिवाय. दर आठवड्याला, कारण अंड्यापासून मच्छर व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तुमच्या उन्हाळ्याच्या प्लॅनमध्ये कूलरचा पुढचा भाग लिहिलाच नाही, उन्हाळा एका टेबलावर आणि डेंग्यू दुसऱ्या टेबलावर. मी सांगून थकलो होतो की जूनच्या पहिल्या पावसाच्या आधी कूलर घासून उलटे टाकायची मोहीम काढा, ऑगस्टमध्ये धूर फवारून फोटो काढण्यात काय आहे, धूर उडणाऱ्या मच्छराला लागतो, टाकीतल्या अळीला नाही. पण धुराची गाडी दिसते, नगरसेवकाला गाडी पाहिजे असते.

आकड्यांचं पण सांगतो. प्रायव्हेट लॅबमध्ये जी डेंग्यू तपासायची झटपट एनएस१ ची पट्टी असते तिचा पॉझिटिव्ह सरकारी हिशोबात संशयित धरतात, पक्का धरायला एलायझा ही लॅबमधली तपासणी लागते, ती मेयो-मेडिकलसारख्या ठिकाणी होते. त्यात दिवस जातात. म्हणजे कागदावर साथ चढायला लागते तेव्हा वॉर्ड कधीचे भरलेले असतात. २०२१ च्या डेंग्यूला आणि २०२४ च्या चिकनगुनियाला गल्लीतल्या केमिस्टला आमच्या आधी कळलं असेल, पॅरासिटामॉलच्या पत्त्यांवरून. मी असतो तर तालुक्यातल्या दहा केमिस्टना दर सोमवारी फोन लावला असता.

बर्डी_ते_बुटीबोरी

काका कूलरवालं एकदम पटलं. आत्ता वर जाऊन पाहिलं, आमच्या टेरेसवर दोन पडले आहेत, भाडेकरूचे. घासून घेतो.

सिस्टर_बी_शिफ्ट

केमिस्टचं भारी आहे काका.

अजून एक, रक्तपेढी. एप्रिल-मे मध्ये कॉलेज बंद, ऊन, रक्तदान शिबिरं कमी, त्यामुळे पावसाळा सुरू होतो तेव्हा साठा आधीच तोकडा. आणि प्लेटलेट तर साठवूनच ठेवता येत नाहीत, पाच दिवस टिकतात, त्या पण २०-२४ डिग्रीवर सतत हलवत. म्हणून सीझनच्या आधी पिशव्या भरून ठेवू हे शक्यच नाही, रक्तदात्यांची यादी तयार ठेवता येते फक्त. त्यात नातेवाईक ४० हजार प्लेटलेट ऐकून आरडाओरडा करतात, बाहेरून आणून देतो चढवा म्हणतात. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली जाईपर्यंत बहुतेकांना गरजच नसते. त्या ओरड्यात खरंच गरज असलेल्याची पिशवी जाते.

तर्री_पोहा_मानेवाडा

आम्ही पण ओरडत होतो ताई ५२ हजारांवर 😅

सगळ्यांचे खूप आभार, इतकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शेवटचं एक, आमच्या वस्तीत अजून दोन-तीन घरांत ताप आहे. त्यांनी लगेच मोठ्या दवाखान्यात पळावं की काय करावं? कधी थांबायचं आणि कधी पळायचं?

रात्रपाळी_एमडी

पहिल्या दिवसांत पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, ओआरएस, ताक, नारळपाणी. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, ॲस्पिरिन, डायक्लोचं इंजेक्शन अजिबात नको, गल्लीतल्या डॉक्टरने टोचायला काढलं तरी हात मागे घ्या. पहिल्या पाच दिवसांत एनएस१, त्याच्या नंतर आयजीएम तपासणी, उलट करून पैसे घालवू नका. ताप पाच दिवसांच्या वर गेला आणि माणूस शेतात, झुडपात जाणारा असेल तर अंगावर कुठे काळी खपली आहे का पहा, काखेत, कमरेला. स्क्रब टायफस २०१८ ला इथे बराच झाला होता, डॉक्सीसायक्लिनने बरा होतो पण लक्षात आला तर.

पळायचं कधी: पोटात जोरात दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यातून नाकातून रक्त, काळी शी, लघवी कमी, हातपाय गार, म्हातारा किंवा लेकरू सुस्त पडून राहणं. आणि ताप उतरल्यावर माणूस जास्त मलूल वाटला तर त्या दिवशी वाट पाहू नका. गर्भार बाई, शुगर, किडनीवाला असेल तर आधीच दाखवा.

नाहीतर जवळच्या यूपीएचसीत सकाळी जा, नाहीच जमलं तर सरकारचा 'आपला दवाखाना' दुपारी २ ते रात्री १० असतो, तो संध्याकाळी कामावरून येणाऱ्यांसाठीच आहे. रोज एक सीबीसी करत राहा आणि सगळे रिपोर्ट तारखेने एका फाईलमध्ये ठेवा. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत माझ्यासारखा कोणी उभा असेल, त्याला कालचा हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालं तो आकडा) दिसला तर तो दोन मिनिटांत ठरवेल. नाही दिसला तर तो सुरुवातीपासून तपासणार आणि तुम्ही परत गादीवर.

सिस्टर_बी_शिफ्ट

आणि मच्छरदाणी घरून घेऊन या, चार दोऱ्या पण.